प्रोग्रॅम बरोबर चालतो, मग मार्क का कापले?

आपल्या मंडळाच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी काही मुले कॉम्प्युटरच्या अभ्यासातल्या शंका घेऊन येतात. सभासदांपैकी आम्ही तीन-चार जण याच क्षेत्रात काम केलेले आहोत. जमेल तेवढी मदत करतो. मुलांचे घरचे बोलणे मराठी, शाळा हिंदीत झालेली आणि कॉलेजची पुस्तके इंग्रजीत, त्यामुळे पुष्कळदा शंका विषयाची कमी आणि भाषेची जास्त असते. पण मध्यंतरी एका मुलाची तक्रार खरोखरच विषयाची निघाली. त्याने 'सी' भाषेत सभासदांची यादी ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. नावे घेतो, वर्णानुक्रमे लावतो, छापतो. एकही चूक नाही. तरी मार्क कापले गेले होते आणि वहीवर शेरा होता, 'मेमरी परत केलेली नाही'. त्याची आई सोबत आली होती. तिने विचारले, "उत्तर बरोबर आले ना? मग चूक कसली?"

प्रश्न रास्त आहे आणि दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही. त्या रविवारी आम्ही जे सांगितले तेच जरा नीट मांडून इथे देत आहोत, म्हणजे ज्यांच्या घरी इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुले आहेत त्यांनाही उपयोग होईल. प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये हे शब्द रोमन लिपीत लिहितात. इथे आम्ही त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

चळत आणि ढीग

प्रोग्रॅम चालू झाला की त्याला माहिती ठेवायला जागा लागते. ही जागा म्हणजे मेमरी. एकामागून एक क्रमांक दिलेल्या बाइटांची लांबच लांब ओळ. 'सी'मध्ये त्यातली जागा मुख्यतः दोन रीतींनी वापरली जाते.

पहिली रीत स्टॅकची, म्हणजे चळतीची. एखादे फंक्शन सुरू झाले की त्याला लागणारी जागा चळतीवर मांडली जाते आणि ते संपले की आपोआप उचलली जाते. शेवटी सुरू झालेले फंक्शन आधी संपते, म्हणून वरचे ताट आधी निघते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला काही करावे लागत नाही. पण या सोयीला दोन मर्यादा आहेत. चळत फार उंच करता येत नाही: लिनक्सवर साधारण ८ एमबी, विंडोजवर १ एमबी एवढीच जागा सहसा ठरवून दिलेली असते. आणि फंक्शन संपले की त्यातली माहिती गेली; ती मागे ठेवता येत नाही.

आता सभासदांची यादी घ्या. किती नावे येणार हे प्रोग्रॅम लिहिताना ठाऊक नसते. आज १२० कुटुंबे, पुढच्या वर्षी कदाचित १५०. नावे वाचणारे फंक्शन संपल्यावरही ती छापायला शिल्लक राहायला हवीत. यासाठी दुसरी रीत, हीपची. हीप म्हणजे ढीग. अडीअडचणीला हवी तेवढी जागा मागून घ्यायचा मोकळा साठा. (डेटा स्ट्रक्चरच्या तासाला 'हीप' नावाचे एक झाड शिकवतात. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. नाव तेच असल्यामुळे दरवर्षी दोन-तीन मुले तरी गोंधळतात.)

हीपमधली जागा मागायचे फंक्शन म्हणजे मॅलॉक आणि परत करायचे म्हणजे फ्री. हे कसे चालते ते समजायला मंगल कार्यालयातला जानवसा डोळ्यांसमोर आणा. एका ओळीत क्रमांक घातलेल्या खोल्या आहेत आणि एक व्यवस्थापक आहे. तुम्ही सांगता, "वऱ्हाडासाठी सलग पाच खोल्या द्या." तो मोकळ्या खोल्या शोधतो आणि पहिल्या खोलीचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून देतो. ही चिठ्ठी म्हणजे पॉइंटर. ज्या पॉइंटरच्या नावाने मुले घाबरतात तो एवढाच आहे: एक क्रमांक. पाच सलग खोल्या मिळाल्या नाहीत तर कोरी चिठ्ठी मिळते, तिला नल म्हणतात. चिठ्ठी कोरी आहे का हे न पाहता खोलीत शिरणे ही नवशिक्यांची पहिली चूक.

चिठ्ठीवर पहिल्या खोलीचाच क्रमांक असतो, किती खोल्या दिल्या ते नसते. मग परत करताना व्यवस्थापकाला कसे कळते? तो तुमच्या पहिल्या खोलीच्या अगदी अलीकडे, स्वतःच्या जागेत, आकडा लिहून ठेवतो. ६४ बिटांच्या लिनक्सवरच्या नेहमीच्या लायब्ररीत हा आकडा तुम्हाला मिळालेल्या जागेच्या लगेच आधीच्या ८ बाइटांत असतो. म्हणजे व्यवस्थापकाची वही वेगळ्या कपाटात नाही. पाहुण्यांच्या खोल्यांच्या मध्येमध्येच ठेवलेली आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

परत करताना फ्री फक्त एवढेच करतो की त्या खोल्या मोकळ्या म्हणून नोंदवतो आणि शेजारच्या खोल्याही मोकळ्या असतील तर बहुधा दोन्ही जोडून मोठा गट करतो. तो खोली झाडत नाही. तुमची चिठ्ठीही काढून घेत नाही. जुना क्रमांक तुमच्या हातात तसाच राहतो. पुढच्या पाहुण्याला खोली मिळते ती आधीच्याचे सामान पडलेली. झाडून हवी असेल तर मॅलॉकऐवजी कॅलॉक वापरायचे, ते सगळ्या बाइटांत शून्य भरून देते.

हा व्यवस्थापक काही जादूचा नाही. ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांनी १९७८ साली 'सी' भाषेवर जे पुस्तक लिहिले त्यात असा एक छोटा व्यवस्थापक अवघ्या काही पानांत लिहून दाखवला आहे. ज्याला हा विषय मनापासून समजून घ्यायचा आहे त्याने तो भाग हाताने उतरवून चालवून पाहावा. आमच्या मते दहा व्हिडिओंपेक्षा तेवढी पाने अधिक शिकवतात.

परत न केलेल्या खोल्या

आता त्या मुलाची चूक. त्याने प्रत्येक नावासाठी जागा मागितली होती, परत एकही केली नव्हती. याला मेमरी लीक, म्हणजे गळती म्हणतात. त्याचा युक्तिवाद चुकीचा नव्हता: "प्रोग्रॅम संपला की ऑपरेटिंग सिस्टिम सगळी जागा परत घेतेच." खरे आहे. अर्ध्या सेकंदात संपणाऱ्या प्रोग्रॅमला गळतीने काही होत नाही. 'डी' नावाच्या भाषेचे कर्ते वॉल्टर ब्राइट यांनी आपल्या कंपायलरमध्ये वेग वाढवायला मेमरी परत करण्याचे काम मुद्दामच सोडून दिले होते. पण त्यांना काय सोडतो आहोत ते ठाऊक होते.

जो प्रोग्रॅम संपतच नाही, त्याचे काय? बँकेचा, रेल्वेच्या आरक्षणाचा, दवाखान्याचा सर्व्हर महिनोन्महिने चालू असतो. समजा, दर विनंतीला फक्त १ केबी जागा परत करायची राहते आणि सेकंदाला एक विनंती येते. दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणजे दिवसाला सुमारे ८४ एमबी. २ जीबी जागा असेल तर साधारण २४ दिवसांत ती भरते. पहिल्या दिवशी तपासणाऱ्याला काहीच दिसत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

असे प्रत्यक्षात घडले आहे. लंडनच्या अँब्युलन्स सेवेने ऑक्टोबर १९९२ मध्ये गाड्या पाठवण्याचे काम नव्या कॉम्प्युटर यंत्रणेकडे दिले. सुरुवातीलाच, २६ आणि २७ ऑक्टोबरला, इतर कारणांनी मोठा गोंधळ झाला. नंतर ४ नोव्हेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास यंत्रणा मंदावत गेली आणि बंद पडली. पर्यायी यंत्रणाही कामी आली नाही. कर्मचाऱ्यांना पुन्हा कागद आणि टेलिफोनवर यावे लागले. चौकशीचा अहवाल फेब्रुवारी १९९३ मध्ये आला. त्यात ४ नोव्हेंबरच्या बंद पडण्याचे कारण असे निघाले की सुमारे तीन आठवड्यांपूर्वी काम करताना एका प्रोग्रॅमरकडून एक छोटासा तुकडा आत राहून गेला होता. दर वेळी गाडी पाठवली की फाइल सर्व्हरवरची थोडी मेमरी अडकायची आणि सुटायची नाही. तीन आठवड्यांत सगळी संपली.

त्या तीन आठवड्यांत त्या तुकड्यामुळे एकही उत्तर चुकले नव्हते. आईच्या प्रश्नाला आमचे पहिले उत्तर हेच होते. परीक्षकांनी मार्क कापले ते आम्हाला योग्यच वाटते. शेऱ्यासोबत कारणही लिहिले असते तर बरे झाले असते, एवढेच.

गळतीचीच एक सौम्य बहीण आहे, तिला तुकडे पडणे म्हणता येईल. ओळीत एक खोली भरलेली, एक मोकळी, एक भरलेली, एक मोकळी, अशी स्थिती झाली तर एकूण दहा खोल्या मोकळ्या असूनही सलग तीन मिळत नाहीत. सगळे नियम पाळूनही हे होते. आणि आणखी एक: खोल्या परत केल्या तरी टास्क मॅनेजरमधला आकडा बरेचदा खाली येत नाही, कारण व्यवस्थापक त्या मूळ मालकाला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला, लगेच देत नाही, पुढच्या पाहुण्यासाठी धरून ठेवतो. त्यावरून गळती आहे असा निष्कर्ष काढू नये.

दोनदा परत, आणि परत केल्यावर वापर

गळतीत नुकसान हळू होते. उलट दिशेची चूक अधिक वाईट. खोली परत केली, पण जुनी चिठ्ठी खिशात राहिली आणि आठवड्याने तुम्ही त्याच क्रमांकाच्या खोलीत जाऊन सामान हलवले. तिथे आता दुसऱ्याचे वऱ्हाड उतरले आहे. 'सी'त तुम्हाला दारात कोणी अडवत नाही. तुमचा प्रोग्रॅम दुसऱ्याच माहितीवर आपली माहिती लिहितो आणि बिघाड दिसतो तो भलतीकडे, भलत्या वेळी. एकच खोली दोनदा परत करणे हाही त्यातलाच प्रकार: मधल्या काळात ती दुसऱ्याला दिलेली असेल तर तुम्ही त्याची खोली परस्पर मोकळी करून टाकता. क्रोम ब्राउझरचा पाया असलेल्या क्रोमियम प्रकल्पाने २०२० मध्ये स्वतःच सांगितले की त्यांच्या गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरी हाताळणीच्या चुकांतून आले, आणि त्यांतले निम्मे हे परत केलेली जागा पुन्हा वापरण्याचे होते. तिथे काम करणारे लोक नवशिके नाहीत.

एक साधी सवय आहे: फ्री केल्याबरोबर त्या पॉइंटरमध्ये नल भरायचे, म्हणजे चिठ्ठी फाडून टाकायची. नलवर फ्री केले तर काही होत नाही, भाषेचाच तसा नियम आहे. पण चिठ्ठीच्या नकला आणखी चार जणांकडे असतील तर त्या तुम्हाला फाडता येत नाहीत. म्हणून मोठ्या प्रकल्पात प्रत्येक जागेचा मालक कोण, परत करायची जबाबदारी कोणत्या फंक्शनची, हे टिपणात स्पष्ट लिहून ठेवतात. लेखी ठरलेले नसले की दोघेही समजतात दुसरा करील, किंवा दोघेही करतात.

'ज्ञानेश्वर' किती बाइटांचा?

आता मराठीशी खास संबंध असलेली चूक. त्या मुलाच्या प्रोग्रॅममध्ये ती होतीच, परीक्षकांनाही दिसली नव्हती.

'सी'त शब्दाच्या शेवटी खूण म्हणून एक शून्य बाइट लागतो. इंग्रजी पुस्तकातल्या उदाहरणात अक्षरे मोजून त्यांत एक मिळवायचा असतो. मुलाने तेच केले. 'मराठी' शब्दाची अक्षरे तीन, अधिक एक, म्हणजे चार बाइट मागितले. पण आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे आहेत. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी: पाच चिन्हे, १५ बाइट, अधिक एक, म्हणजे १६. चारच्या जागेत सोळा!

तरी प्रोग्रॅम चालला. कारण ६४ बिटांच्या लिनक्सवरची नेहमीची लायब्ररी फार लहान जागा देतच नाही. चार मागा किंवा एक मागा, प्रत्यक्षात वापरता येण्याजोगे २४ बाइट मिळतात. सोळा त्यात बसले. म्हणजे चूक झाली आणि नशिबाने झाकली गेली. मग आम्ही त्याला 'ज्ञानेश्वर' हे नाव टाकायला सांगितले. आपण म्हणतो अक्षरे चार. मोजून पाहा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा चिन्हे, ३० बाइट, अधिक एक. चोवीसच्या पुढचे सात बाइट शेजारच्या जागेत गेले, आणि शेजारी काय असते ते वर सांगितलेच आहे: व्यवस्थापकाचा आकडा. वहीतला आकडाच खराब झाला. प्रोग्रॅम लगेच पडला नाही. पुढची काही नावे घेतल्यावर, ज्या ओळीत काहीही चूक नव्हती अशा ओळीत पडला. मुलगा तासभर त्या निर्दोष ओळीकडे पाहत बसला असता.

शेजारच्या खोलीत लिहिण्याऐवजी फक्त डोकावले तरी किती महागात पडते याचे उदाहरण २०१४ मधले. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणारी ओपनएसएसएल ही लायब्ररी 'सी'त लिहिलेली आहे. तिच्यात एक सोय होती: एका बाजूने छोटा संदेश आणि त्याची लांबी पाठवायची, दुसऱ्या बाजूने तोच संदेश परत करायचा, म्हणजे जोडणी जिवंत आहे हे कळते. सांगितलेली लांबी खरी आहे का हे तपासायचे राहिले होते. एक बाइट पाठवून 'हे ६४ केबी आहेत' असे म्हटले की सर्व्हर त्या बाइटच्या पुढे हीपमध्ये जे काही पडले असेल ते उचलून द्यायचा. खोल्या झाडलेल्या नसतात, त्यामुळे त्यात इतरांचे पासवर्ड, क्वचित गुप्त किल्ल्याही निघत. मार्च २०१२ मध्ये आलेल्या आवृत्तीतला हा दोष ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाला आणि 'हार्टब्लीड' या नावाने ओळखला गेला. कॅनडाच्या कर विभागातून याच वाटेने सुमारे ९०० लोकांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीला गेले.

मग 'सी' कशाला?

हा प्रश्न त्या आईनेच विचारला. इतर भाषांनी हे ओझे उचलले आहेच. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी १९५९च्या सुमारास अशी युक्ती काढली की ज्या जागेची एकही चिठ्ठी कोणाकडे उरलेली नाही ती यंत्रच शोधून परत घेते. जावा याच वाटेने जाते. रस्ट भाषेत प्रत्येक जागेला एकच मालक असतो आणि तो गेला की जागा परत. हिशेब प्रोग्रॅम चालण्याआधी कंपायलरच तपासतो. मुलांना आवडणाऱ्या पायथॉनमध्येही फ्री लिहावे लागत नाही. पण पायथॉनचा नेहमी वापरला जाणारा इंटरप्रिटर स्वतः 'सी'त लिहिलेला आहे, लिनक्सचा गाभाही. कोणीतरी कुठेतरी ती जागा परत करतेच आहे. शिवाय जिथे चूक परवडत नाही तिथे काही वेळा हीपच टाळतात: नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतले जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या दहा नियमांतला तिसरा सांगतो की सुरुवातीची मांडणी झाल्यावर मेमरी मागूच नये.

अभ्यास करणाऱ्या मुलांनी मात्र हीप टाळू नये. त्याऐवजी व्हॅलग्रिंड हे मोफत साधन वापरावे. प्रोग्रॅम त्याच्या देखरेखीखाली चालवला की किती जागा मागितली, किती परत केली, कुठल्या ओळीतली राहिली, सगळे छापून देते. किंवा कंपाइल करतानाच अ‍ॅड्रेस सॅनिटायझर चालू करावा. खोलीबाहेर पाय पडला की तो त्याच ओळीवर प्रोग्रॅम थांबवतो. 'ज्ञानेश्वर'ची चूक त्याने 'मराठी'वरच पकडली असती.

त्या रविवारी आम्ही मुलाला त्याचा प्रोग्रॅम दुरुस्त करायला बसवले. त्याची यादी साखळीसारखी होती. प्रत्येक खोलीत एक नाव आणि पुढच्या खोलीचा क्रमांक. पहिल्या प्रयत्नात त्याने पहिलीच खोली परत केली, बाकीच्या गेल्या त्या गेल्याच, कारण त्यांचे क्रमांक आतच राहिले. दुसऱ्या प्रयत्नात खोली आधी परत केली आणि मग तिच्यात जाऊन पुढचा क्रमांक वाचला, म्हणजे परत केलेली जागा वापरली. प्रोग्रॅम याही वेळी ठीक चालला, व्हॅलग्रिंडने मात्र बोट ठेवले. तिसऱ्यांदा त्याने पुढचा क्रमांक आधी टिपून घेतला, आतल्या नावाची जागा परत केली आणि शेवटी खोली. नावाच्या जागेचा आकडाही आता बाइट मोजून. गळती शून्यावर आली, तरी एक जागा अजून सुटलेली नाही असे व्हॅलग्रिंड दाखवत होते. ती सापडायला आणखी दहा मिनिटे गेली. नावे ज्या फाइलमधून वाचली ती बंद करायची राहिली होती.